काळ सोकावला तो कसा?

म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. एकदां बाकी बुडवून निर्धास्त सुटलेलें कूळ दुसऱ्या वर्षीं अधिक निर्ढावतें, हें पेढीवर बसणाऱ्या कोणाहि गृहस्थास सांगावयास नको. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारासहि हाच न्याय लागू पडतो, आणि तो विसरल्याचें फळ किती भयंकर असतें याचा पुरावा विसाव्या शतकानें जगापुढें मांडून ठेविला आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन फौजा पोलंडांत शिरल्या व दुसरें महायुद्ध सुरू झालें, असें शाळेच्या पुस्तकांत आपण वाचतों. तारीख बरोबर आहे. परंतु त्या तारखेपूर्वीं आठ वर्षें काळ सोकावत होता, आणि त्यास सोकावूं देणारे बहुतेक लोक स्वतःस शांततेचे कैवारी समजत होते, ही गोष्ट त्या तारखेपेक्षांहि अधिक ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या आठ वर्षांचें खातें आज आम्ही वाचकांपुढें उघडून ठेवूं इच्छितों.

खात्याचें पहिलें पान पूर्वेकडील आहे. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्रीं मुकडेन शहराजवळ जपानी लष्करानें आपल्याच ताब्यांतील आगगाडीच्या रुळावर स्फोट घडवून आणिला, त्याचा आळ चिनी लोकांवर घातला, आणि त्या निमित्तानें मांचूरियाचा विस्तीर्ण प्रांत घशांत टाकला. चीननें जिनीव्हाच्या राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. संघानें चौकशीमंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष लॉर्ड लिटन हे पूर्वीं बंगालचे गव्हर्नर होते. मंडळ हिंडलें, साक्षी झाल्या, आणि १९३२ च्या ऑक्टोबरांत अहवाल प्रसिद्ध झाला. तोंवर मांचूरियांत 'मांचुकुओ' नांवाचें बाहुलीराज्य थाटून जपान मोकळा झाला होता. २४ फेब्रुवारी १९३३ रोजीं संघाच्या सभेनें ४२ विरुद्ध १ अशा मतांनीं अहवाल मान्य केला. तें एक मत जपानचें. जपानी प्रतिनिधि सभागृहांतून उठून गेले, व पुढील महिन्यांत जपाननें संघ सोडण्याची नोटीस दिली. न्यायाधीशानें निकाल वाचून दाखविला, आरोपी उठून घरीं गेला, आणि चोरीचा माल त्याच्याच घरांत राहिला! जपानचें एक गलबत अडलें नाहीं, कीं त्याच्या व्यापारास कोणी हात लाविला नाहीं. चीन दूर होता, जगांत मंदी होती, आणि प्रत्येकास आपापली विवंचना होती.

दुसरें पान आबिसीनियाचें. ३ ऑक्टोबर १९३५ रोजीं मुसोलिनीच्या फौजा त्या देशावर तुटून पडल्या. इटली व आबिसीनिया हे दोघेहि राष्ट्रसंघाचे सभासद. तेव्हां एका सभासदानें दुसऱ्याच्या घरावर घातलेला हा उघड दरोडा होता. या वेळीं संघ कांहींसा जागा झाला. सुमारें पन्नास राष्ट्रांनीं इटलीस आक्रमक ठरविलें, आणि नोव्हेंबरांत तिच्यावर आर्थिक निर्बंध लादले गेले. पण निर्बंधांची यादी कोणाहि व्यापाऱ्यानें वाचावी व हंसावें अशीच होती. ज्या मालावांचून युद्ध क्षणभर चालत नाहीं, तें खनिज तेल, तो कोळसा व तें पोलाद यादींतून वगळलें होतें. अमेरिका संघाबाहेर आहे, ती तेल विकीलच, असें कारण सांगण्यांत आलें. खरें कारण असें कीं, तेल रोखल्यास मुसोलिनी चिडेल ही धास्ती. सुएझच्या कालव्यावर इंग्रजांचा पहारा होता, तरी त्यांतून इटलीच्या लष्करी बोटी जकात भरून राजरोस जात राहिल्या. तेल रोखलें असतें तर आठवड्याभरांत आपणांस माघार घ्यावी लागली असती, असें मुसोलिनीनें पुढें हिटलरजवळ बोलून दाखविलें, असें हिटलरच्या दुभाष्यानें लिहून ठेविलें आहे.

डिसेंबरांत तर याहून नवल घडलें. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर सॅम्युएल होअर (हिंदुस्थानचे मंत्री म्हणून १९३५ चा कायदा पार्लमेंटांत मांडणारे हेच) व फ्रान्सचे लव्हाल या दोघांनीं मिळून आबिसीनियाचा मोठा लचका इटलीस तोडून देण्याचा गुप्त मसुदा तयार केला. तो वर्तमानपत्रांत फुटला, इंग्रज जनता खवळली, आणि होअरसाहेबांस राजीनामा द्यावा लागला. याच वर्षीं इंग्लंडांत शांततेविषयीं जें लोकमत घेण्यांत आलें, त्यांत एक कोटीहून अधिक लोकांनीं आक्रमकाविरुद्ध आर्थिक उपाय योजण्यास संमति दिली होती. म्हणजे सामान्य माणसाची तयारी होती. कच खाल्ली ती वरच्यांनीं. इटालियन विमानांनीं उघड्या अंगाच्या लोकांवर विषारी वायु सोडला. ५ मे १९३६ रोजीं आदिसअबाबा पडलें. ३० जून रोजीं परागंदा सम्राट् हैले सेलासी स्वतः जिनीव्हास उभे राहून आपली कैफियत सांगूं लागले, तेव्हां इटालियन पत्रकारांनीं शिट्ट्या वाजविल्या. पुढच्याच महिन्यांत निर्बंध उठविण्यांत आले.

हे सर्व खेळ बर्लिनमध्यें एक गृहस्थ लक्षपूर्वक पाहत होता. ३० जानेवारी १९३३ रोजीं अधिकारावर आलेल्या हिटलरनें प्रथम राष्ट्रसंघ सोडला, मग १९३५ च्या मार्चांत व्हर्सायचा तह झुगारून सक्तीची लष्करभरती सुरू केली. तीनच महिन्यांनीं इंग्लंडनें त्याच्याशीं आरमारी करार करून त्या उल्लंघनावर जणुं शिक्कामोर्तब केलें. ७ मार्च १९३६ रोजीं, आबिसीनियाच्या गोंधळांत जग गुंतलें असतां, त्यानें ऱ्हाइनलंडमध्यें सैन्य घातलें. हा प्रदेश लष्कररहित ठेवण्याचें वचन जर्मनीनें लोकार्नो येथें राजीखुषीनें दिलें होतें. आलेलें सैन्य मोजकें; प्रत्यक्ष नदी ओलांडणाऱ्या तर अवघ्या तीन पलटणी. फ्रेंचांनीं नुसती कूच केली असती तरी त्यांस मागें फिरावें लागलें असतें. पण इंग्लंडांत शहाणे म्हणविणारे लोक म्हणूं लागले कीं, तो आपल्याच परसांत गेला, त्यांत बिघडलें काय? बिघडलें तें असें: ऱ्हाइनच्या कांठीं जर्मन तटबंदी उभी राहूं लागली, व पूर्वेकडील आपल्या मित्रांच्या मदतीस धांवून जाण्याची फ्रान्सची वाट बंद झाली. बेल्जियमनें त्याच वर्षीं फ्रान्सची मैत्री सोडून तटस्थता पत्करली. १९३८ च्या मार्चांत ऑस्ट्रिया एका रात्रींत नाहींसा झाला.

येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांनीं ही नमतेपणाची नीति स्वीकारली ते सर्व भेकड किंवा विकले गेलेले होते असें मानणें चूक होईल. १९१४ ते १९१८ च्या युद्धांत एकट्या फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक तरुण कामास आले होते. घरोघर रिकाम्या खुर्च्या होत्या. आकाशांतून पडणाऱ्या बाँबची दहशत मोठी होती, तिजोरींत पैसा नव्हता, आणि व्हर्सायच्या तहानें जर्मनीवर कांहीं बाबतींत अन्याय झाला आहे ही टोचणीहि मनांत होती. नेव्हिल चेंबरलेन हे बर्मिंगहॅमच्या कारखानदार घराण्यांतील. त्या शहराचे महापौर होऊन गेलेले, आरोग्यमंत्री म्हणून गरिबांच्या घरांसाठीं झटलेले. दोन भल्या माणसांनीं समोरासमोर बसून घासाघीस केली कीं सौदा जमतो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. तो अनुभव खोटा नव्हता. पण सौदा जमतो तो, समोरच्या माणसास कोठें तरी थांबावयाचें असेल तर. ज्याची भूकच दिलेल्या घांसानें वाढते, त्याच्याशीं सौदा कसला?

आणि अन्याय दूर करावयाचा होता तर तो केव्हां? या प्रश्नांत या सर्व प्रकरणाचें मर्म आहे, असें आमचें मत आहे. जर्मनीचे लोकशाही मंत्री, विशेषतः श्ट्रेसमान, वर्षानुवर्षें शिष्टाईनें सवलती मागत होते. त्यांच्या पदरांत थेंब थेंब पडे, तोहि उशीरानें. ऱ्हाइनलंडमधून परकी फौजा निघून गेल्या त्या १९३० च्या जूनमध्यें. श्ट्रेसमान त्यापूर्वीं आठ महिने वारले होते. युद्धखंडणीचें ओझें लोझानच्या परिषदेनें जवळजवळ संपविलें तें १९३२ च्या जुलैंत, जेव्हां जर्मनींत साठ लाखांच्या घरांत माणसें बेकार झालीं होतीं. अर्ज करणाऱ्या सज्जनास जें मिळालें नाहीं, तें टेबलावर मूठ आपटणाऱ्या गुंडास चार दिवसांत मिळूं लागलें. यावरून जर्मन जनतेनें कोणता धडा घ्यावा? न्याय्य मागणी वेळीं मान्य न करणें व अन्याय्य मागणी धाकानें मान्य करणें, हीं दोन पापें एकाच झाडाचीं फळें आहेत. ज्या देशानें अर्ज व विनंत्यांचें राजकारण आपल्या अंगावर अनुभविलें आहे, त्या देशांतील वाचकांस हें अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

आतां म्युनिच. झेकोस्लोव्हाकियाच्या सरहद्दीवरील सुडेटन भागांत सुमारें तीस लाख जर्मनभाषी लोक राहत. त्यांचें गाऱ्हाणें पुढें करून हिटलरनें तो सर्व डोंगराळ मुलूख मागितला. सप्टेंबर १९३८ मध्यें चेंबरलेनसाहेबांनीं सत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तीन वेळां विमानानें जर्मनीची वारी केली. २७ तारखेस ध्वनिक्षेपकावरून बोलतांना त्यांनीं अशा अर्थाचे उद्गार काढले कीं, ज्यांच्याविषयीं आपणांस कांहीं ठाऊक नाहीं अशा दूरदेशींच्या लोकांच्या भांडणापायीं आपण खंदक खणावे हें किती भयंकर! ३० तारखेच्या पहाटेपूर्वीं इंग्लंड, फ्रान्स, इटली व जर्मनी या चौघांच्या सह्या झाल्या. ज्यांचा देश कापला जात होता ते झेक प्रतिनिधि त्या खोलींत नव्हते. ते हॉटेलांत बसवून ठेविले होते, व निकाल त्यांस मागाहून कळविण्यांत आला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें म्हणतात तें याहून निराळें काय असतें? लंडनमध्यें लोकांनीं आनंदानें टोप्या उडविल्या. पुढें पोलंडनेंहि एक तुकडा तोडला, हंगेरीनेंहि एक तोडला. घर फिरलें कीं वासेहि फिरतात.

त्याच सप्टेंबरच्या आरंभीं मुंबईच्या बंदरांतून पांच हिंदी डॉक्टर काँग्रेसतर्फे चीनकडे रवाना झाले होते. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. १९३७ पासून जपान उरलेला चीन जाळीत चालला होता, आणि या परतंत्र देशानें, हातांत तलवार नसतां, निदान मलमपट्टी तरी धाडली. कोटणीस तिकडेच ९ डिसेंबर १९४२ रोजीं वारले, वय बत्तीस. दूरदेशींच्या भांडणाशीं आपला काय संबंध, हा प्रश्न त्यांसहि विचारतां आला असता.

म्युनिचच्या सौद्यांत इंग्लंडनें काय दिलें व काय घेतलें, याचा ताळेबंद मांडूं. घेतला एक कागद आणि अकरा महिने मुदत. त्या मुदतींत इंग्लंडचीं विमानें वाढलीं हें खरें. पण दिलें काय? दहा लाखांवर माणूस शस्त्र धरून उभें करणारें एक लोकशाही राष्ट्र, त्याची डोंगरांतील तटबंदी, आणि युरोपांतील नामांकित शस्त्रकारखाने. १५ मार्च १९३९ रोजीं हिटलर प्रागमध्यें शिरला, तेव्हां पिल्झेनचा श्कोडा कारखाना आयता त्याच्या हातीं आला. १९४० सालीं फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन रणगाड्यांत झेक बनावटीचे शेंकडों होते. सेनापति रोमेल यांच्या तुकडीचा मुख्य आधारच ते होते. आणखी एक नोंद सराफांनीं मुद्दाम पाहावी. झेक राष्ट्रीय बँकेचें सोनें लंडनमध्यें आंतरराष्ट्रीय हिशेबपूर्ति बँकेच्या नांवें ठेविलेलें होतें. प्राग पडल्यावर तेथील अधिकाऱ्यांकडून धाकदपटशानें हुकूम लिहवून घेण्यांत आला, आणि सुमारें २३ टन सोनें जर्मन राइशबँकेच्या खात्यावर वर्ग झालें. लुटारूनें मालकाच्या मानेवर सुरी ठेवून चिठी लिहवून घ्यावी, आणि पेढीवाल्यानें सही जुळते म्हणून ती वटवावी, असा हा प्रकार!

पण या सर्वांहून मोठी बुडीत रक्कम होती ती पतीची. व्यापारांत मालापेक्षां पत मोठी, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. फ्रान्सचा झेकांशीं रीतसर मदतीचा तह होता. तो म्युनिचला पाण्यांत गेला. रशियाचाहि तह होता; पण रशियास म्युनिचला बोलाविलेंच नाहीं. त्यामुळें ३१ मार्च १९३९ रोजीं इंग्लंडनें पोलंडच्या रक्षणाची हमी दिली, तेव्हां ती खरी मानावयास बर्लिनमध्यें कोणी तयार नव्हता. आपले विरोधक आपण म्युनिचला पाहिले आहेत, ते क्षुद्र किडे आहेत, असें हिटलरनें ऑगस्टांत आपल्या सेनापतींस सांगितल्याची नोंद आहे. स्टालिननेंहि आपला निराळा हिशेब केला व २३ ऑगस्ट रोजीं हिटलरशींच अनाक्रमणाचा तह करून पोलंडच्या वांटणींत हिस्सा घेतला. एकदां हुंडी नाकारलेल्या पेढीची दुसरी हुंडी बाजारांत चालत नाहीं. हमी खरी निघाली, पण तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नाहीं, म्हणून तिनें युद्ध टळलें नाहीं.

आणि वसुली कोणाकडून झाली? ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं, या देशांतील एकाहि लोकप्रतिनिधीस न विचारतां, हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें. स्वातंत्र्याच्या नांवानें लढावयाचें, पण स्वातंत्र्य मागणाऱ्यास विचारावयाचें नाहीं! त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांतील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसचीं मंत्रिमंडळें राजीनामे देऊन बाहेर पडलीं. जे साम्राज्य आपल्याच घरीं बळी तो कान पिळी या न्यायानें चालत होतें, त्याच्या तोंडीं जिनीव्हास न्यायाची भाषा लटकी वाटे, हेंहि नमतेपणाचें एक कारण होतें. आबिसीनिया इटलीनें कां घेऊं नये, याचें मनापासून उत्तर त्याच्याजवळ नव्हतें. तरी पंचवीस लाखांच्या वर हिंदी जवान त्या युद्धांत लढले; सुमारें ८७ हजार परत आले नाहींत. १९४१ च्या आरंभीं एरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनीं इटालियन सैन्याशीं झुंज घेतली. याच एरिट्रियांतून १९३५ सालीं मुसोलिनीच्या फौजा आबिसीनियावर निघाल्या होत्या. जें काम तेव्हां तेलाची कोठी बंद करून, एकहि गोळी न झाडतां, होण्याजोगें होतें, तें पांच वर्षांनीं सह्याद्रीच्या लेंकरांस रक्त सांडून करावें लागलें. आणि १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत सुमारें तीस लाख माणसें मेलीं असा अंदाज आहे. ब्रह्मदेशचा तांदूळ जपाननें तोडलेला, आणि युद्धाच्या महागाईनें व सरकारी बेपर्वाईनें घरांतील दाणा गेलेला. म्युनिचचें नांवहि न ऐकलेल्या त्या कुळांनीं दुसऱ्यांच्या नमतेपणाचें व्याज भरलें.

या इतिहासाचा दुरुपयोगहि झाला आहे, तो सांगितल्यावांचून लेख पुरा व्हावयाचा नाहीं. इंग्लंडचे ॲन्थनी ईडन यांनीं १९३८ च्या फेब्रुवारींत चेंबरलेन यांच्या धोरणास कंटाळून मंत्रिपद सोडलें होतें. तेच ईडन १९५६ सालीं पंतप्रधान असतां, इजिप्तच्या नासर यांनीं सुएझचा कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला म्हणून त्यांस मुसोलिनीच्या पंक्तीस बसविते झाले, आणि फ्रान्स व इस्रायल यांच्याशीं संगनमत करून त्यांनीं इजिप्तवर हल्ला चढविला. भारतानें त्याचा निषेध केला, आणि तो योग्य होता. म्युनिचचें नांव घेतलें म्हणजे कोणतेंहि युद्ध धर्मयुद्ध होत नाहीं. कसोटी अशी आहे: दुसऱ्याच्या घरांत सैन्य कोणी घातलें? चर्चेच्या खोलींतून ज्याचें घर आहे त्यास बाहेर कोणी ठेविलें? आणि दिली जाणारी सवलत कोणाच्या मालकीची आहे? आपल्या खिशांतून दिलेली सवलत औदार्य असूं शकते; दुसऱ्याच्या खिशांतून दिलेली सवलत ही भागीदारी असते.

१९४५ सालीं संयुक्त राष्ट्रांची सनद झाली, आणि आक्रमण हा गुन्हा आहे ही गोष्ट न्यूरेंबर्गच्या न्यायासनानें पुढच्या वर्षीं लेखी ठरविली. परंतु सुरक्षासमितींत पांच बड्या राष्ट्रांस नकाराधिकार आहे. त्यांपैकीं कोणी स्वतःच हात उगारला तर निकाल वाचणारा न्यायाधीशहि उरत नाहीं. म्हणून कायद्याच्या पाठीशीं लोकमत हवें, आणि तें थोडा तोटा सोसण्यास तयार हवें. स्वस्त माल व स्वस्त तेल कोठून येतें, हें न पाहतां घेणारा ग्राहक आक्रमकाच्या तिजोरींत आपली दमडी टाकीतच असतो. फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुरा येथील काँग्रेसनें जपानी मालावर बहिष्कार घालण्याचें आवाहन केलें, तें याच जाणिवेनें. आरंभीं रोखण्यास पैशांत किंमत पडते. उशीर केल्यास ती माणसांत मोजावी लागते.

शेवटीं त्या म्हणीकडेच वळूं. तिचा उत्तरार्ध सोळा आणे खरा आहे. पूर्वार्धाविषयीं मात्र आम्हांस शंका येते. मांचूरियाचा शेतकरी, आबिसीनियाचा धनगर, प्रागचा कामगार, यांतील प्रत्येकाविषयीं जग म्हणालें कीं, या म्हातारीचें आम्हांस दुःख नाहीं. ती दूरची, अनोळखी, तिची भाषा आम्हांस कळत नाहीं. दुःख नव्हतें म्हणूनच काळ सोकावला. पहिल्या म्हातारीचें दुःख ज्यांस वेळींच झालें असतें, त्यांस आपल्या मुलांसाठीं सुतक पाळण्याची वेळ आली नसती.